मागच्या चाकांवरचं वजन

"मागे वजन आहे ना?" मुलीचा फोन उचलला की काकांचं पहिलं वाक्य हे. "कशी आहेस" त्यानंतर.

सिंगापूरमध्ये चोआ चू कांगला ते माझ्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एकटे राहायचे. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. बुकित बातोकच्या एका वर्कशॉपमध्ये लॉऱ्या दुरुस्त करण्यात त्यांची सगळी नोकरी झाली. एकुलती मुलगी कॅनडातल्या लहानशा गावात नर्स. तिने तिथे जुना पिकअप घेतला होता. इंजिनाचा जोर फक्त मागच्या दोन चाकांना, आणि मागचा हौदा रिकामा.

पहिला बर्फ पडला तेव्हा तिचा फोन आला. आमची संध्याकाळ, तिची सकाळ. मी काकांकडे चहाला बसलो होतो.

"बाबा, कॅनॉट लाह! जमतच नाहीये. चाकं जागच्या जागी फिरतायत. ड्यूटीवर जाऊ कशी?"

काकांनी बर्फावर गाडी कधी पाहिलीसुद्धा नव्हती. शनिवारी ते मला मॉलमधल्या आइस रिंकवर घेऊन गेले. पिशवीतून टायरचे दोन तुकडे काढले, एक झिजून गुळगुळीत झालेला, एक खोल नक्षीचा. सुतळी बांधून दोन्ही बर्फावरून ओढले. मग त्यांवर पाण्याच्या बाटल्या ठेवून परत ओढले. स्केटिंग करणारी मुलं थांबून बघायला लागली. गार्ड धावत आला.

"अंकल, हे काय?"

"डॉटरसाठी," काका मान वर न करता म्हणाले. त्या बिचाऱ्याने पोरांना मागे सरकवलं.

त्या संध्याकाळी सूचना गेल्या. बर्फाचे टायर चारही चाकांना घाल, नुसते मागे नको. वाळूच्या गोण्या हौद्यात, बरोबर मागच्या चाकांच्या ॲक्सलवर ठेव आणि पट्ट्याने आवळून बांध, ब्रेक मारलास तर पुढे यायला नकोत. सुटताना दुसरा गिअर, पाय हलका.

दोन दिवसांनी ती फोनवर ओरडली, "बाबा, चढ चढली गाडी!" काका नुसते हसले आणि चष्मा पुसत बसले.

मग तो सबंध हिवाळा ती निघण्याआधी रोज फोन करायची. संध्याकाळी साडेसातच्या आत काका बाजारातून घरी.

पुढच्या हिवाळ्यात तिने सांगितलं, "फोर-व्हील ड्राइव्ह घेतली, बाबा. आता काळजी नको."

"छान केलंस," काका म्हणाले. रोजचा फोन फक्त रविवारवर आला. साडेसातला मी कधी दार वाजवायचो, "जेवायला येता?"

"थांबा जरा. आज फोन करेलही ती."

असा माणूस तुमच्याही शेजारी असेल. आपण दाराशी क्षणभर घुटमळतो आणि आपल्या घरी जातो.

पुढे काका आजारी पडले आणि नोव्हेनाच्या हॉस्पिटलात चार दिवसांत गेले. मुलगी पोचली तेव्हा उशीर झाला होता. फ्लॅट आवरताना ती मला म्हणाली, "अंकल, मी खोटं बोलले होते. गाडी अजून तीच आहे. फोनवर त्यांचा आवाज इतका घाबरलेला असायचा. म्हटलं, निदान निवांत राहतील."

मग तिने विचारलं, "राहायचे ना?"

"हो," मी म्हणालो, आणि कपाटावरची खोकी खाली काढायला स्टुलावर चढलो.