गाडा गणपतीपाशी थांबतो

आमच्या धारच्या घरातून कुणीही बाहेरगावी निघालं की आईची एकच सूचना असते. वाटेत देव दिसला की थांबायचं, हात जोडायचे, मग पुढे. मी देवासला निघाले तेव्हा बस हलली तरी ती खिडकीखालून हेच सांगत होती. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, निघाले होते रोबोटवर संशोधन करायला, आणि मांडीवर शेव-परमलची, म्हणजे शेव-कुरमुऱ्यांची पिशवी.

देवासात आत्याकडे राहायची सोय झाली. इंटर्नशिप मात्र पक्की नव्हती. तिथल्या कॉलेजातल्या लॅबच्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, हफ्ताभर बघू. शनिवारी रोबोट स्टोअरपासून लॅबपर्यंत एकटा सामान घेऊन आला तर सहा महिने राहा, नाही तर घरी जा. घरी म्हणजे काय ते मला माहीत होतं. बाबांनी बँकेच्या परीक्षेच्या क्लासात माझ्यासाठी बोलून ठेवलं होतं, आणि मला बँक म्हटलं की जांभयाच येतात.

रोबोटबद्दल मी काय काय मनात धरलं होतं! हात, डोळे, निदान तोंड तरी. समोर आला तो चार चाकांचा गुडघाभर उंच गाडा, वर स्टीलचा ट्रे, पुढे कॅमेरा. मला रडूच यायचं बाकी होतं. लॅबमध्ये पीएचडी करणारा एक सीनियर होता, त्याला सगळे नुसतं भिया, म्हणजे भैया, म्हणत. तो म्हणाला, तोंड नाही तेच बरंय, उलट बोलत नाही.

गाड्याला शिकवायचं कसं, तेही भियाने समजावलं. त्याला लिहून काही सांगायचं नाही. आपण रिमोट घेऊन मागे चालायचं आणि त्याला चालवायचं. कॅमेऱ्यात काय दिसतं आणि त्या वेळी आपला अंगठा काय करतो, हे तो टिपून घेतो आणि पुढे तसंच करतो. मी म्हटलं, म्हणजे नक्कल. भिया म्हणाला, बिलकुल. मग काय, रोज त्या गाड्यामागे मी व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होते, शेळी चरायला नेल्यासारखी.

शुक्रवारी सकाळी रिमोट बाजूला ठेवून गाडा एकटा सोडला. निघाला अगदी झोकात. कोपरा वळला, कुंडी चुकवली, मला तर त्याची दृष्ट काढावीशी वाटली. आणि व्हरांड्याच्या मधोमध जो उभा राहिला तो हलेचना. भियाने चाकं तपासली, बॅटरी बदलली, कॅमेऱ्याची काच माझ्या ओढणीने पुसली. पुन्हा सोडला, पुन्हा तिथेच ठाण मांडलं.

दुपारी माझं डोकंच फिरलं. गाड्यासमोर कमरेवर हात ठेवून मी अस्सल मराठीत त्याची खरडपट्टी काढली. मेल्या, तुझ्यापायी मला बँकेत बसावं लागणार, काही लाज आहे का? भियाला मराठी कळत नव्हती, तरी तो दोन पावलं मागे सरकला. मग मी रिमोट उचलला, म्हटलं येत कसा नाही ते बघते, आणि स्टोअरपासून त्याला हाकत आणलं. मधोमध आल्यावर माझा अंगठा आपोआप सुटला, रिमोट काखेत गेला आणि दोन्ही हात जुळले. समोर कोनाड्यात गणपती होता.

अगं बाई! दर फेरीला मी इथे थांबत होते आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. गाड्याला होता. गणपती दिसला की थांबायचं, एवढं तो पक्कं शिकला होता. माझे हात जोडून झाले की मी निघत होते. त्याला हात कुठले? जोवर गणपती दिसतोय तोवर तो आपला उभाच.

भिया म्हणाला, सरांना सांगू नको, कोनाड्यावर परदा टाकू, उद्याचं काम निघून जाईल. देवावर पडदा? आईने मला घरात घेतलं नसतं. मी सरांना बोलावून आणलं. गाड्याभोवती एक चक्कर मारून त्यांनी विचारलं, “ये यहाँ रुकता क्यों है?”

“सर, मैं रुकती थी. इसने मुझसे ही सीखा.”

सरांनी एकदा गणपतीकडे बघितलं. मग म्हणाले, सगळं पुसून नव्याने शिकव, उद्याची वेळ मात्र तीच. संध्याकाळभर मी रबरबँडने अंगठा रिमोटला बांधून फेऱ्या मारल्या आणि दर फेरीला मनातल्या मनात गणपतीची माफी मागितली. शनिवारी गाडा कोनाड्यासमोरून सुसाट गेला आणि थेट लॅबमध्ये आला. सर म्हणाले, सहा महिने. मला इतका आनंद झाला की मी भियालाच वाकून नमस्कार केला.

आईला फोन केला. ती म्हणालीच, बघ, देवापुढे थांबलं की सगळं नीट होतं. मग मी तिला खरं काय ते सांगितलं. ती पोट धरून हसली, आणि मध्येच म्हणाली,

“म्हणजे आता तो बिचारा देवासमोरून तसाच जातो?”

“हो.”

“आणि हे तू शिकवलंस त्याला?”

मी फोन आत्याच्या हातात दिला.

सोमवारी गाडा पुढे, मी मागे. तो कोनाड्यासमोरून सरळ निघून गेला. मी थांबले, हात जोडले, मग त्याच्या वाटणीचे आणखी एकदा जोडले. तोवर तो लॅबच्या दारात पोचलाही होता.