साबणबाईंचं पेन

वॉर्डात त्यांना सगळे साबणबाईच म्हणत. ऑपरेशनच्या वॉर्डात बावीस वर्षं सिस्टर म्हणून काढल्यावर बाईंच्या मनानं घेतलं, की दवाखान्यात पसरणारा संसर्ग रोखण्याची परीक्षा द्यायची. नवऱ्यानं विचारलंही, हात धुवायला शिकवण्याची परीक्षा कसली? पण पहिल्या खेपेला चार गुण कमी पडले, तेव्हा तोच बिचारा आठवडाभर मुकाट्यानं भांडी घासत होता.

दुसऱ्या खेपेला लेखी पेपरात बाई पास झाल्या, आता तोंडी परीक्षा आणि वॉर्डातल्या सहा महिन्यांच्या कामाचा अहवाल राहिला होता. हे हुकलं तर संसर्ग विभागाची नवी जागा दुसऱ्या कुणाच्या पदरात पडणार होती.

बाई वही-पेन घेऊन खाटेखाटेला उभ्या राहत. कोण हात धुतं, कोण नुसते ओले करतं, सगळं टिपत. मोठे डॉक्टरही त्यांना पाहून नळाकडे वळत. तरी चौथ्या महिन्यात तीन पेशंटचे टाके पिकले. बाईंनी अवजारं, नळ, चादरी, काही म्हणून सोडलं नाही. हाती काही लागेना.

शेवटी फरशी पुसता पुसता मावशी म्हणाल्या, "सिस्टर, रागावू नका. तुम्ही पडदा सारता, जखम बघता, हात धुता आणि परत तेच पेन धरता. त्याला कोण धुतं?"

बाई आधी हसल्या. मग पेनाकडे बघत राहिल्या. तपासणीला पाठवलं, तर तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: जखमांमधलाच जंतू. बाईंनी तो कागद मेट्रनबाईंपुढे ठेवला.

मेट्रनबाईंचा त्यांच्यावर जीव. त्यांनी सुचवलं, 'वॉर्डातली एक वस्तू' एवढंच लिहा, खोटं तर नाही ना ते. बाईंनाही ते पटल्यासारखं झालं. पण घरी अहवाल टाइप करताना लेक थांबली. "आई, कुठली वस्तू लिहू?"

बाईंनी चष्मा काढून पुसला, परत लावला. "पेन लिही. माझं, असंही लिही."

तोंडी परीक्षेत तीन परीक्षकांमधल्या मधल्या बाईंनी अहवालाचं तेच पान उघडलं. त्यांनी एवढंच विचारलं, "मग पुढं काय केलंत?"

मग काय, साबणबाईंची गाडी सुटली. प्रत्येक खाटेला दोरीनं बांधलेलं वेगळं पेन, दर पाळीला खाटेच्या दांड्यांबरोबर त्याचीही पुसापुशी, आणि ते तपासण्याचा अधिकार मावशींकडे. डॉक्टर म्हणतात, बँकेत आल्यासारखं वाटतं. पण पुढच्या दोन महिन्यांत एकही टाका पिकला नाही.

प्रमाणपत्र आलं, जागाही मिळाली. आता बाई सगळे वॉर्ड तपासतात. फक्त जुन्या वॉर्डाच्या दारात मावशी बादली खाली ठेवून हात पुढे करतात, आणि साबणबाई आधी खिशातलं पेन दाखवतात.