वन्संची वाटी

सबंध नाशकात आमच्या वन्संइतकं काळजी करणारं माणूस शोधून सापडणार नाही. वन्सं म्हणजे ह्यांच्या मोठ्या बहीण. गॅस बंद केला का, म्हणून अर्ध्या रस्त्यातून तुम्हीआम्हीही परत येतो. वन्सं आपला बघून झाला की शेजाऱ्यांचा बघून येतात. त्र्यंबकेश्वरच्या एसटीत चढल्या की आधी ड्रायव्हरला झोप नीट झाली का ते विचारतात. एकदा एकाने सरळ सांगितलं, "नाय ना बाई, पोरगं रात्रभर रडत व्हतं." झालं! बसायला जागा असूनही वन्सं त्र्यंबकपर्यंत त्याच्यामागे दांडा धरून उभ्या, आणि तान्ह्या बाळाचं पोट दुखलं तर काय करावं हे त्याला सांगताहेत. त्याची काय बिशाद होती डोळा मिटायची! पण ह्या सगळ्या किरकोळ काळज्या झाल्या. खरी काळजी एकच, आणि ती म्हणजे आमचे हे.

त्याला कारणही तसंच होतं. ह्यांच्या घरात पुरुषांनी साठी बघितलेलीच नाही. आजेसासरे साठीच्या आत गेले. सासरे साठीच्या तोंडावर एका सकाळी पोह्यांची बशी अर्धी टाकून जे आडवे झाले, ते उठलेच नाहीत. वन्सं तेव्हा कॉलेजात होत्या, हे शाळेत. पुढे वन्संनी शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी धरली आणि भावाला वाढवलं. स्वतःच्या लग्नाचा विषय निघाला की म्हणायच्या, "यंदा बाळचं दहावीचं वर्ष आहे." बाळ म्हणजे हेच. बाळची दहावी झाली, नोकरी झाली, लग्न झालं, टक्कल पडलं. वन्सं राहिल्या त्या राहिल्याच. आणि मनाशी त्यांनी एक पक्कं केलं होतं: वडिलांना नेलं ते फोडणीच्या नाश्त्याने. म्हणून भावाने फोडणीला शिवायचंच नाही. त्याने कच्चा नाश्ता खायचा.

हा कच्चा नाश्ता म्हणजे एक यज्ञच असायचा. ओट्स भिजवलेले, शिजवायचे नाहीत. मोड आणून वाळवलेल्या नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीठ. जवस, तीळ, भोपळ्याच्या बिया, सूर्यफुलाच्या बिया, अक्रोड, बदाम, बेदाणे आणि वरून किसलेलं सफरचंद. साखर नाही, मीठ नाही, दूधही नाही. नागली हरसूलच्या बाजारातलीच हवी, म्हणून आमची गाडी घाट चढून तिकडे जायची. वन्सं पाटीपुढे फतकल मारून एकेक दाणा अशा निरखायच्या की शेवटी पाटीवाली बाई म्हणाली, "बाई, तुला पेरायची हाय का खायाची?" जवस आदल्या दिवशी दळलं तर खवट होतं, म्हणून ते पहाटे दळायचं. त्यांच्या मिक्सरच्या आवाजावर खालचे जोशीकाका उठतात आणि फिरायला जातात. सात वाजता आमची बेल वाजायची. दारात डोक्यावर हेल्मेट, हातात झाकलेली वाटी. दोन गल्ल्यांवरून चालत येतानाही हेल्मेट! का, तर वरून कुणाची कुंडी पडली तर?

बदामांची तर तऱ्हाच वेगळी. एखादा कडू निघाला तर, म्हणून प्रत्येक बदामाचा कोपरा त्या आधी स्वतः चावून बघायच्या. पंचवटीच्या पुण्यभूमीत शबरीचा अवतार झाला म्हणून मी हसले, तर हे म्हणाले, "रामाने एकदाच खाल्लं गं. माझं रोजचं आहे." पण खायचे मात्र. मान खाली घालून, घोट घोट पाणी पीत, पाखरांचा चारा म्हणत म्हणत वाटी संपवायचे, आणि वन्सं समोर बसून प्रत्येक घास मोजल्यासारख्या बघायच्या. आम्ही गावाला गेलो तर डबा बरोबर आणि सकाळी व्हिडिओ कॉल: "बाळ, तोंड उघड बघू." रविवारी मित्रांबरोबर हे गुपचूप मिसळ हाणून यायचे. एकदा शर्टावर तर्रीचा डाग घेऊन आले. वन्संनी ह्यांना खुर्चीत बसवलं, मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघत नाडी मोजायला लागल्या. त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं, असं ह्यांचं तोंड झालं होतं.

साठावं लागलं तशी माझी हसायची सवय मोडली. काळजी ही सर्दीसारखी घरभर लागते. ह्यांना न्हाणीघरात जरा वेळ लागला की मी दार वाजवायची. "मेलो नाहीये, दाढी करतोय!" असं आतून ओरडायचे. एकदाचा जुलै आला, वाढदिवस आला. सकाळी सात वाजता वन्सं दारात. हे उड्या मारतच पुढे गेले. "ताई, साठ पूर्ण! आता आज मिसळ, तुझ्या देखत!" वन्संनी वाटी टेबलावर ठेवली आणि पिशवीतून पंचांग काढलं.

"तारखेचं काय घेऊन बसलास? तू आषाढातला. यंदा अधिक महिना आला, तिथी महिनाअखेरीला गेली."

"म्हणजे मी अजून एकोणसाठच?"

"हो. आणि बाबाही असेच तिथीच्या आधी..." ह्यांनी मुकाट्याने चमचा उचलला. मला आतून रडूच आलं, आणि त्या अधिक महिन्याचा रागही आला. मेला ह्याच वर्षी यायचा होता!

ते दिवस कसे गेले ते आमचं आम्हाला माहीत. आणि तिथी तोंडावर आली असताना एका सकाळी वाटी अर्धी झाली आणि ह्यांनी चमचा खाली ठेवून छातीवर हात धरला. अर्धी वाटी! वन्संचा चेहरा पांढराफटक पडला. ह्यांना रिक्षात कोंबून आम्ही गल्लीच्या तोंडाशी असलेल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कार्डिओग्राम काढला, पोट दाबलं, विचारलं, "काल काय खाल्लंत?" हे छताकडे बघत म्हणाले, "मिसळ. दोन प्लेट." गॅस होता! मी कपाळाला हात लावला. डॉक्टर हसले आणि मग त्यांची नजर वन्संवर गेली. वन्सं भिंत धरून उभ्या होत्या. त्यांनी वन्संना बसवलं, दंडाला पट्टा बांधला आणि त्यांचं हसू गेलं.

"पेशंट तुम्ही आहात, ताई. प्रेशर फार वाढलंय. सकाळी नाश्त्याला काय घेता?"

"चहा," वन्सं म्हणाल्या. "आणि खारी."

"आणि ते बियांचं? ते तू खात नाहीस?" हे खाटेवरून उठूनच बसले.

"मला कुठे वेळ असतो? तुझं करून तुझ्याकडे यायचं असतं. आणि साठीचं ते तुम्हा पुरुषांचं. माझी झाली की केव्हाच."

कधी झाली होती त्यांची साठी? मी आठवून पाहिलं. आठवेना. ह्यांनाही आठवेना, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

तिथी आली आणि सुखरूप गेली. वन्संनी कणकेचे साठ दिवे लावून भावाला ओवाळलं, आणि पाटाशेजारी मटकन बसून पोटभर रडल्या. म्हणाल्या, "आता मी उद्या सकाळी काय करू?"

दुसऱ्या दिवशी मी उठले ती मिक्सरच्या आवाजाने. स्वयंपाकघरात हे जवस दळत होते. ओट्स भिजलेले, सफरचंद किसलेलं, आणि हे एकेका बदामाचा कोपरा चावून तो वाटीत टाकत होते. सात वाजता आम्ही वन्संची बेल वाजवली. त्यांनी दार उघडलं, हातात चहाचा कप आणि बशीत खारी. ह्यांनी खारी उचलून बाजूला ठेवली आणि चमचा पुढे केला. "ताई, तोंड उघड."

वन्संनी घास घेतला. चावला. बराच वेळ चावला. मग डोळे विस्फारून म्हणाल्या, "अरे बाळ, हे असलं खात होतास तू इतकी वर्षं?"

"तू आणत होतीस ना," हे म्हणाले, आणि दुसरा चमचा भरला.

आता रोज सकाळी हेच वाटी घेऊन तिकडे जातात. आमच्याकडे सातला बेल वाजत नाही, आणि मला चुकल्याचुकल्यासारखं होतं. वन्संचं प्रेशर उतरलंय, चेहरा भरलाय, ड्रायव्हरची झोपही हल्ली विचारत नाहीत म्हणे. त्यांची ती नोकरी आता मला लागली आहे. ह्यांना परत यायला जरा उशीर झाला की मी गॅलरीत येऊन उभी राहते. कोपऱ्यावर हे दिसतात, हातात रिकामी वाटी, डोक्यावर वन्संचं हेल्मेट. मग मी पटकन आत येते आणि चहा टाकते.