अर्धं उजळलेलं झाकण

ये, अशी उंबऱ्यात काय उभी राहतेस परक्यासारखी. दोन महिने तोंड दाखवलं नाहीस आणि आल्या आल्या घड्याळ बघतेस. सरक जवळ. ती मोटारीची हकीकत तुला मागे अर्धीच सांगितली होती. आज सगळी सांगते आणि कागदावरही उतरवते, म्हणजे चार लोकांना वाचता येईल. नावं मात्र कोणाचीच घेणार नाही.

फौजदारी आमच्या यांची. पण पोलीस ठाण्याच्या आवारातल्या घरात पंधरा वर्षं मीही काढली, तेव्हा आठवणी दोघांच्या समाईक. ती काळी मोटार मला अजून झोपेत दिसते. धूळ हळूहळू खाली बसत असते, लिंबाची सावली हलत असते, आणि मोटारीच्या अंगावर हाताएवढं आभाळ उतरलेलं असतं.

आम्ही धुळ्याला होतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पारोळ्याच्या रस्त्यावर एक बैलगाडी उलटली. गाडीतला म्हातारा डोक्यावर पडला आणि बेशुद्ध झाला. गाडी हाकत होता त्याचा जावई. त्यानंच सासऱ्याला दवाखान्यात आणलं आणि तिथूनच त्याला कोठडीत घालावं लागलं. कारण आदल्या दिवशी अख्ख्या गावासमोर दोघांचं भांडण झालं होतं. त्या घरात बैलांची शिंगं दरवर्षी हिंगुळानं लाल व्हायची. जावयानं ती रंगवली हिरवी, खिडक्यांना लावून उरलेल्या रंगानं. सासरा वेशीत सगळ्यांदेखत म्हणाला, "ह्या शिंगडा शेतस का पोपट?" ही शिंगं आहेत की पोपट! लोक हसले. जावयाला ते लागलं. "सकाय दखाडसू तुमले," म्हणाला. उद्या दाखवतो. आणि दुसऱ्याच दिवशी हे झालं.

कोठडीत त्याचं एकच पालुपद. "मोटर उनी साहेब. मन्हा बैलना शिंगले घसटी गई. मी मामाले हात नही लाया." मोटार आली, बैलाच्या शिंगाला घासून गेली, मामाला मी हात लावला नाही. सासऱ्याला तो मामा म्हणायचा.

म्हातारा गेला असता तर खुनाचं कलम, वाचला तरी सक्तमजुरी ठरलेली. जावयाची बायको पोटुशी. धुळ्यातल्या मावशीकडे उतरली होती. रोज सकाळी दोन डबे घेऊन लिंबाखाली बसायची. बाप दवाखान्यात, नवरा कोठडीत. मी एकदा विचारलं, "आधी कोणाचा डबा पोचवतेस गं?"

"जो जागा शे त्याना," ती म्हणाली.

त्या रस्त्यानं जाणाऱ्या मोटारी तेव्हा बोटांवर मोजण्याइतक्या. यांनी सगळ्या तपासल्या. एका धनिकानं तर आपण होऊन ड्रायव्हरबरोबर मोटार ठाण्यात धाडली. बघा म्हणे, ओरखडा दिसतो का. पंचांनी चारी बाजूंनी फिरून पाहिलं. ओरखडा नव्हता. तसा पंचनामा झाला.

पंच चहा घेत होते तेव्हा मी दारात तांब्याचा हंडा घासत होते. चिंच लावून एकच हात फिरवला होता, तेवढाच पट्टा लालबुंद उजळला होता आणि बाकीचा हंडा होता त्याहून काळा दिसत होता. मान वर केली तर समोर ती मोटार. जुनी, उन्हानं विटलेली, रंग तव्यासारखा मंद. त्या मंद रंगात लिंब धुक्यातल्यासारखा दिसे. पण डाव्या बाजूला, चाकाच्या वर, एवढ्याशा जागेत पानन् पान मोजता येत होतं. मी उठून जवळ गेले. तिथे माझं कुंकूसुद्धा दिसलं. वीतभर सरकले, तर माझं तोंडच विरघळून गेलं. किती वेळ तशी पुढेमागे होत राहिले कोण जाणे. हंडा वाळून गेला.

जेवताना यांना म्हटलं, "अहो, तेवढीच जागा कोण घासतं?"

"पंचनाम्यात चकाकी लिहायला रकाना नसतो," हे म्हणाले. पण घास हातातच राहिला होता.

ड्रायव्हरबद्दल चौकशी केली. बाप जळगावला सराफाकडे दागिने उजळायचा. मी म्हटलं, "त्याला दरडावू नका. कारागीर मारानं बोलत नाही. त्याच्यासमोर नुसतं म्हणा, हे काम इथे कोणाला जमणार नाही."

पंचनाम्यावर एक सही राहिली, असं सांगून त्याला बोलावलं. टेबलावर माझी माहेरची काळी पॉलिशची पेटी. झाकणावर किल्लीचा लांबलचक ओरखडा. हे हवालदाराला म्हणाले, "काळ्यावरचा ओरखडा. मुंबईलाच धाडावी लागेल."

"मुंबईलाच साहेब. इथे कोण आहे?" हवालदारानं री ओढली.

ड्रायव्हर सही करून उठला, दारापर्यंत गेला, परत आला. "मुंबईला कशाला? आधी घासलेटानं पुसायचं, दुसऱ्याचा रंग चिकटला असेल तर निघतो. खोल असेल तर व्हार्निशात काजळ खलून पिसानं भरायचं, वाळू द्यायचं. मग वस्त्रगाळ राख जवसाच्या तेलात. गोल गोल, दाबायचं नाही. शेवटी मेण." आणि खिशातून चिंधी काढून त्यानं बसकण मारली. नुसतं घासूनच ओरखडा फिका होत गेला. अर्धं झाकण उजळलं. मी आतल्या दारातून बघत होते. बाई गं, काय हात होता.

"चिंधी नवी नाही घेत?" यांनी विचारलं.

"मऊ व्हायला महिने लागतात साहेब. अशी चिंधी कोण टाकतं?" म्हणत त्यानं घडी उलटली. आत हिरवा डाग.

"हा रंग कुठला?"

हात थांबला. तो झाकणातल्या स्वतःच्या तोंडाकडे बघत राहिला. "पोळ्याला मी घरी गेलो होतो. दुसऱ्या दिवशी मालक एकटेच मोटार घेऊन गेले. आल्यावर ओरखडा. बैल घासला म्हणाले. माणूस पडल्याचं मला पंचनाम्याच्या दिवशी कळलं."

"तेव्हा का नाही बोललास?"

"काम इतकं साफ झालं होतं साहेब," तो म्हणाला, आणि रडायला लागला.

चिंधी मुद्देमालात गेली. तोवर कोणी नीट न पाहिलेलं बैलाचं शिंग तपासलं, तर हिरव्यावर काळी रेघ. लाल असतं तर साऱ्या गावाच्या शिंगांसारखंच दिसलं असतं. ज्या रंगानं पोराला कोठडीत घातलं, त्यानंच बाहेर काढलं. मालकावर खटला झाला आणि ड्रायव्हरनं उभं राहून साक्ष दिली. म्हातारा पुढे शुद्धीवर आला. जावई पेढे घेऊन आला तेव्हा सांगत होता, "मामा म्हनतस, फुढला पोयालेबी हिरवाच लावजो." पुढच्या पोळ्यालाही हिरवाच लाव म्हणे.

यांनी पुढे पुष्कळ गुन्हे उलगडले. पण त्यानंतर जबाबात एखादी गोष्ट फार स्वच्छ ऐकू आली की हे थांबायचे आणि तीच पुन्हा विचारायचे. मीही माणसांकडे तशीच बघायला लागले. आणि त्या ड्रायव्हरचं ते रडणं अजून आठवतं. चांगला हात वाईट कामाला लागला, हे त्याला आपल्याच हातच्या आरशात दिसलं.

खटला संपल्यावर तो ड्रायव्हर उरलेलं झाकण करून द्यायला आला होता. मी म्हटलं, राहू दे. अजून तसंच आहे, अर्धं लखलखीत, अर्धं धुरकट. आज उजेड गेला, आता नाही दिसायचं. पुढच्या आठवड्यात सकाळची ये, उन्हात धरून दोन्हीकडे तुझं तोंड दाखवते. आणि घड्याळ घरी ठेवून ये.