त्या वर्षीची दुसरी मारबत

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्याकडे मारबत काढतात. नागपूरची मारबत मोठी, तिची मिरवणूक टीव्हीवर दाखवतात. आमच्या दिघोरीकडच्या खेड्यातली मारबत म्हणजे पळसाच्या फांद्या, थोडं तणस म्हणजे धानाचा पेंढा आणि त्यावर कुणाचं तरी जुनं लुगडं. पोळ्याला घरोघरी दाराशी रोवलेल्या पळसाच्या फांद्या उपटायच्या, तिच्यासोबत गावाच्या शिवेवर न्यायच्या आणि वाटेत जे जे गावाला नको ते ओरडून सांगायचं. खोकला घेऊन जा गे मारबत, डास घेऊन जा गे मारबत. शिवेवर तिला पेटवलं की सगळे तलावावर हातपाय धुऊन घरी. कुणी काय ओरडावं याला बंधन नाही. एकदा माझ्या नवऱ्याने सावकारी करणाऱ्या शेजाऱ्याला घेऊन जा म्हटलं होतं, आणि शेजारी बाजूलाच चालत होता. तोही हसला.

त्या वर्षी मात्र कुणी हसलं नाही.

उन्हाळ्यात सीमेवर तोफा सुरू झाल्या होत्या. माझ्या मोठ्या जावेचा मुलगा फौजेत, तिकडेच कुठेतरी. नेमका कुठे, ते तो सांगत नसे. तोफा सुरू झाल्या आणि त्याचा फोन लागेना. आमची घरं एकाला एक लागून, मागची परसातली वाडी एकच. जाऊ मुळातच कमी बोलणारी, तेव्हा तर तिने तोंडच मिटून घेतलं. तांदूळ निवडायला घ्यायची आणि निवडलेलेच पुन्हा निवडायची. तिच्याकडे टीव्ही नव्हता म्हणून ती माझ्याकडे यायची. टीव्हीवर कोट घातलेला एक माणूस टेबलावर हात आपटून सांगायचा की आता थांबायचं नाही, थेट आत घुसायचं. तुझं कोण आहे रे तिथे, एवढंच मला त्याला विचारायचं होतं. विचारता येत नाही म्हणून मी टीव्ही बंद करायची, आणि जाऊ हळूच म्हणायची की लाव, काही सांगतील.

पुढे तोफा थांबल्या. फोन आला, पोरगा धडधाकट होता. जावेने मारुतीपुढे नारळ फोडला. पण गाव काही थांबलं नाही. चौकातल्या पानठेल्यावर पावसाळाभर लढाई सुरूच होती. धानाची रोवणी आटोपेस्तोवर तिथल्या मंडळींनी तंबाखूचा खर्रा चोळता चोळता शेजारचा देश जिंकून वाटणीसुद्धा करून टाकली होती.

पोळा जवळ आला तशी मंडळाची पोरं जावेकडे आली. त्यांनी ठरवलं होतं की यंदा लुगड्याची मारबत नको, दुश्मनाचा पुतळा करायचा, गळ्यात पाटी अडकवायची आणि फौजीची आई म्हणून तो पेटवायचा मान तिला द्यायचा. शाल-नारळही आणणार होते. पोरं वाईट नव्हती, त्यातल्या काहींची नाकं मी पुसलेली आहेत. मला वाटलं, जाऊ मान हलवून मोकळी होईल. नाही म्हणायची तिला सवयच नाही.

ती म्हणाली, "मारबत आपली असते न गा. आपलं दुखनं ते घेऊन जाते. तुमी दुश्मनाले मारबत केलं, तं मंग आपलं दुखनं कोन नेईन?"

 पोरांतला एक म्हणाला की काकू, बदला तर घ्यायलाच पाहिजे. त्यावर तिने सांगितलं की बदला घ्यायला तिचाच पोरगा जाईल, यांच्यातलं कुणी जाणार नाही. रागाने नाही, वांग्याचा भाव सांगावा तसं सांगितलं. पोरं शालीची पिशवी घेऊन परत गेली.

पोरं गेल्यावर जाऊ मला म्हणाली की आपण आपली मारबत काढू. माझे भासरे, म्हणजे तिचा नवरा, हे ऐकून हादरलेच. पोराच्या नोकरीवर येईल, वर कळलं तर त्याचं काय होईल, असं ते सारखं म्हणत राहिले. भीती खोटी नव्हती. जाऊ तीच भीती पोटात घेऊन बसली होती, मला दिसत होतं. मी बचत गटातल्या बायकांना विचारायला निघाले. काहींना सासू आठवली, काहींना अचानक कंबर दुखू लागली. मी त्यांना काय बोलले ते इथे लिहीत नाही. शेवटी मूठभर जणी तयार झाल्या.

पोरांचा पुतळा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर, सोबत डीजे. आमची मारबत जावेच्या खांद्यावर, तिच्याच जुन्या लुगड्यातली. आम्ही आधी निघालो. नेहमीप्रमाणे खोकला झाला, डास झाले, धानावरचे तुडतुडे झाले. एकीने दारू म्हटलं तेव्हा सगळ्यांनीच जोरात साथ दिली. तलावाच्या पाळीवर आलो आणि जावेने तोंड उघडलं. एवढा मोठा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता.

"लढाई घेऊन जाय गे मारबत. आमच्या लेकरायची बी आन त्यायच्या लेकरायची बी."

 मग मी ओरडले, मग बाकीच्या ओरडल्या. मागून ट्रॉली येऊन पोहोचली होती आणि कुणाच्या तरी हातात मोबाईल होता.

दुपारपर्यंत तो व्हिडिओ तालुकाभर फिरला. लोकांना लढाई खटकली नाही, 'त्यायच्या लेकरायची' खटकली. फौजीची आई असून दुश्मनाच्या लेकरांचं भलं मागते. गावात भांडणं मिटवायला एक समिती आहे, तिच्या अध्यक्षांनी आम्हाला ग्रामपंचायतीत बोलावलं. ज्यांचं काम भांडण मिटवायचं, त्यांनीच ते उकरावं, ही आमच्या गावाची रीत. अध्यक्ष मात्र गोड बोलले, चहाही पाजला. म्हणाले, मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर एवढंच बोला की मन थाऱ्यावर नव्हतं, चूक झाली. विषय संपला. नाहीतर व्हिडिओ पोराच्या साहेबांपर्यंत जाईल. भासऱ्यांनी लगेच मान डोलावली.

जावेने चहाचा कप खाली ठेवला. 

"मी चुकलीच नाही, तं चुकली म्हनू कायले?"

एवढंच बोलून ती उठली. मला तिचा अभिमान वाटला आणि भीतीही तेवढीच वाटली. 

पुढचे दिवस वाईट गेले. नळावर बायका आम्हाला पाहून पाण्याची गुंडं अर्धवट भरूनच निघायच्या. पानठेल्यावरून टोमणे यायचे. भासरे घरात असून नसल्यासारखे. आणि पोराचा फोन येईना. जावेने कुणाला काही विचारलं नाही, पण पुन्हा तांदळाचं सूप काढून बसली. तिला वाटत होतं की आपण पोराचं वाटोळं केलं. मला म्हणाली नाही, पण मी काय आंधळी आहे?

एका संध्याकाळी वाडीत बसलो असताना फोन वाजला. तिला ऐकायला कमी येतं म्हणून ती स्पीकर लावते.

"माय, तुले कोनं सांगतलं होतं हे कराले? इथं सारे मले इचारून राहिले. मी तोंड कसं दाखवू?"

मग तो थांबलाच नाही. तुम्हाला तिथे बसून काय कळतं, म्हणाला. काकूनेच, म्हणजे मीच, तुझे कान भरले असतील, म्हणाला. साहेबांनी बोलावून विचारलं, नोकरीला काही झालं नाही, पण मान खाली गेली. माझ्या तोंडाशी उत्तर आलंच होतं. जावेने माझ्या गुडघ्यावर हात दाबून मला गप्प बसवलं आणि ती नुसती हं, हं करत ऐकत राहिली. शेवटी त्याने बाबाच्या बीपीच्या गोळ्या संपल्या का विचारलं आणि फोन ठेवला.

मी पेटलेच होते. ज्याच्यासाठी तू गावाशी वैर घेतलं त्याने तुला असं बोलावं, असं काहीबाही मी बडबडले. तिने ते सगळं ऐकून घेतलं.

"रागावला तं रागवू दे," ती म्हणाली. "जिता आहे म्हनून रागावते."

आणि फोन मांडीवर घेऊन ती अंधार पडेपर्यंत तशीच बसून राहिली. काही रागवायचं राहिलं असेल तर तो पुन्हा फोन करेल, म्हणून.