नळीच्या तोंडची जाळी

कुठलीही फटफटी चालू झाली की तो आधी तिच्या मागे जाई, उकिडवा बसे आणि धुराच्या नळीपासून वीतभर अंतरावर उजवा तळहात धरून डोळे मिटून घेई. धूर हाताला सलग लागतो की अडखळत, एवढ्यावरून तो इंजिनाचं दुखणं सांगे. गाडीचा मालक तोवर मूठ पिळून आवाज ऐकवत असे. "आवाज म्हंजे जोर नाही, भाऊ," तो डोळे न उघडता म्हणे. "जोर श्वासात असते. नाक मोकळं, तोंड मोकळं, मंग पाहा कशी पळते."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपल्या कामापलीकडे त्यांना फारसं काही कळत नाही आणि जग त्याचा पुरेपूर फायदा घेतं. मी त्या जगातलाच एक. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी त्याचं कौतुक करू लागलो तरी तुम्ही मला फार चांगला समजणार नाही.

जळगाव जामोदला कापसाची सरकी काढणाऱ्या एका जिनात मी फाटकावर कारकून होतो. वऱ्हाडाचा कारभार तेव्हा नागपूरहून चाले, पेट्रोल कुपनावर मिळे, आणि गावातल्या मोटारी एका हाताच्या बोटांवर मोजता येत. हा माणूस मूळचा रोहिणखेडचा. महायुद्धात लष्कराच्या वर्कशॉपमध्ये होता. युद्ध संपल्यावर त्यानं आमच्या बाजाराच्या टोकाला चार पत्रे ठोकून दुकान मांडलं. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. मीही तेच म्हणतो.

दुपारच्या सुट्टीत मी डबा घेऊन त्याच्याकडे जाऊन बसे. तो आधी माझं लोणचं संपवी आणि मग डब्यात दुसरं काय आहे ते विचारी. स्वभावानं गरीब, पण एका बाबतीत फार ताठ. एखाद्या गिऱ्हाइकानं सहज जरी विचारलं, की बोल्ट नीट आवळलाय ना, तर त्याचा चेहरा उतरे. "म्या आवळला ना? मंग झालं," एवढंच म्हणे. एकदा हातावेगळं झालेलं काम त्याला पुन्हा तपासताना मी कधी पाहिलं नाही.

आमच्या जिनाच्या मालकांच्या चिरंजिवांनी लष्कराच्या विक्रीतली एक जुनी फटफटी घेतली. आम्ही त्यांना छोटे मालक म्हणायचो. वय पंचवीस, उद्योग काही नाही, हौस दांडगी. गाडी चढावर दमते आणि मुळात आवाजच करत नाही, अशी त्यांची दुहेरी तक्रार होती. दमण्याचं मिस्त्रीनं मनावर घेतलं. आवाजाचं त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

त्या पंधरा दिवसांइतकं खूश मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. हवा आत घेण्याच्या तोंडावर लष्करानं वाळू अडवण्यासाठी एक जाडजूड डबा बसवला होता. "इथं कुठं वाळवंट हाय? उगाच नाक दाबून ठेवलं बिचारीचं," म्हणत त्यानं तो काढला. तांब्याचा पत्रा ठोकून त्याचं कर्ण्यासारखं रुंद तोंड केलं आणि धूळ जाऊ नये म्हणून त्यावर तेलात भिजवलेली मलमल ताणून बांधली. मग धुराची नळी उघडली. तिच्या पोटात आवाज मारण्यासाठी भोकांचे तीन पत्रे होते. त्यांतले दोन काढले. हवा जास्त तर पेट्रोलही जास्त पाहिजे, म्हणून पेट्रोल सोडणारं बारीक भोक त्यानं केसभर मोठं केलं. दर वेळी एक चक्कर मारायची, प्लग काढायचा आणि त्याचा रंग पाहायचा. पांढरा म्हणजे गाडी उपाशी, काळा म्हणजे अजीर्ण. बदामी रंग आला त्या दिवशी त्यानं तो प्लग मला हातात घेऊन बघायला लावला.

त्याच दिवशी मला मागे बसवून तो सातपुड्याच्या पायथ्याची चढण चढला. पूर्वी एकट्यालाही तिथं उतरून ढकलावं लागे. आता आम्ही दोघं सरळ वर. माझी टोपी वाटेत उडाली, मी ओरडलो, पण गडी थांबला नाही. थांबलं तर परीक्षा मोडते, म्हणाला. टोपी परतताना एका बाभळीत सापडली. त्या माणसाच्या पाठीमागे बसून मी त्या दिवशी फार आनंदात होतो.

एक काम उरलं होतं. आतले पत्रे गेल्यामुळे नळीतून कधीमधी काजळीची ठिणगी बाहेर पडे. हंगाम कापसाचा. जिनाच्या फाटकापासून बाजारापर्यंत भरलेल्या बैलगाड्यांची रांग लागलेली. म्हणून त्यानं पिठाच्या चाळणीची पितळी जाळी दुहेरी करून नळीच्या तोंडावर दोन स्क्रूंनी बसवली. छोट्या मालकांना ती आवडली नाही. जाळीनं आवाज बसतो, म्हणाले. त्यांनी काढायला लावली, यानं समजूत घालून परत बसवली, असं चार वेळा झालं. शेवटी एका सकाळी जाळी बसवून त्यानं गाडी त्यांच्या ताब्यात दिली.

त्याच दुपारी छोटे मालक जिनाच्या फाटकाशी आले. माझ्यासमोर उतरले, खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि मला म्हणाले, "बाबू, धरा जरा गाडी." मी हँडल धरलं. त्यांनी जाळी काढून कुंपणाच्या काट्यांत भिरकावली. मिस्त्रीनं ती कशासाठी लावली हे मला ठाऊक होतं. मी हँडल सोडलं नाही. मग ते गाडीवर बसले, दोन-तीनदा मूठ पिळून एकदम सोडली, आणि नळीतून ठिणग्यांसकट बार निघाला.

तीन गाड्या जळाल्या. बैल सोडवताना एका गाडीवानाचे दोन्ही हात कोपरापर्यंत पोळले. आग विझल्यावर, सगळे गाडीवानाभोवती जमले असताना, मी कुंपणाशी गेलो, ती जाळी शोधली आणि जिनाच्या हौदात टाकली. मला कुणी सांगितलं नव्हतं. माझं मीच केलं.

दुसऱ्या दिवशी जिनाच्या कचेरीत ठाणेदार चौकशीला बसले. शेजारच्या खुर्चीवर आमचे मालक. जाळी कधी लावलीच नव्हती, असं छोट्या मालकांनी सांगितलं. मिस्त्री जराही गडबडला नाही. सकाळीच बसवली, दोन स्क्रूंवर, म्हणाला. कुणी पाहिली, असं ठाणेदारांनी विचारलं तेव्हा त्यानं माझ्याकडे बोट केलं.

"बाबूले इचारा, साहेब. गाडी त्याह्यच्या समोर उभी होती. बाबू खोटं नाही बोलत."

घरी तीन मुली होत्या, नोकरी मालकांची होती. ही कारणं मी स्वतःला पुष्कळदा सांगितली आहेत, तुम्हाला सांगत बसत नाही. मी म्हणालो, "मी जाळी पाहिली नाही. बार निघाला तेव्हा नळीचं तोंड उघडंच होतं." यातलं दुसरं वाक्य खरं होतं, याचंही मला तेव्हा बरं वाटलं.

तो चिडेल असं मला वाटलं होतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि बोटांवर काहीतरी मोजलं. "मंग मीच इसरलो असन," तो म्हणाला. "चार डाव काढली, चार डाव लावली. इसरलो असन."

ठाणेदारांनी त्याला सज्जड दम देऊन सोडलं. गावानं मात्र सोडलं नाही. त्याच्या दुकानाकडे कुणी फिरकेना, आठवडाभरात त्यानं पत्रे उतरवले आणि रोहिणखेडची वाट धरली. मी निरोप द्यायला गेलो नाही. त्याला सगळं कळलं आहे आणि माझ्या मुलींकडे पाहून त्यानं तो ठपका स्वतःवर घेतला, अशी मी समजूत करून घेतली होती. या समजुतीवर मी कितीतरी वर्षं सुखानं जेवलो-झोपलो. छोटे मालक पुढे मोठे मालक झाले आणि माझा पगारही वाढला.

थोरलीच्या सोयरिकीसाठी मोताळ्याला गेलो तेव्हा मनाचा हिय्या करून रोहिणखेड गाठलं. तो वारून वर्ष झालं होतं. मी कोण हे कळल्यावर त्याच्या बायकोनं मला आत बसवलं, चहा केला. ते तुमचं नाव लय घेत, म्हणाली.

गावी आल्यावर त्यानं इंजिनाला कधी हात लावला नाही. कुणी गाडी घेऊन आलं तर माझ्या हाताचा भरवसा नाही, सांगून परत पाठवी. शेतावर जाताना दाराला कडी लावून चार पावलं गेला की मागे येई आणि बायकोला विचारी, लावली ना म्या?

"म्या म्हने त्याह्यले, तुमी जाळी लावलीच असन, कोनी काढून घेतली असन," ती सांगत होती. "त आयकतच नव्हते. म्हनत, फाटकावर आपला बाबू होता. त्यानं पाह्यली असती त सांगतली नसती काय?"

मी बशीत चहा ओतला. ती माझ्याकडेच पाहत होती.

"भाऊ, तुमी त होते तिथं. खरंच नव्हती काय जाळी?"

मी चहा संपवला, बशी खाली ठेवली आणि नव्हती म्हणालो.