आडवा वारा आणि तापीपलीकडचा डिंक

मेलने पहाटे चाळीसगावला उतरवलं तेव्हा धुळ्याची पॅसेंजर फलाटाला लागलेली होती, पण निघण्याची तिला मुळीच घाई नव्हती. चहावाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "बसा साहेब, ती गार्डाचा चहा झाल्याशिवाय हलत नाही." मीही दुसरा चहा सांगितला. उभा जन्म मोठाली जेट विमानं चालवण्यात गेला आणि घड्याळाने मला कधी सुखाने चहा पिऊ दिला नाही. निवृत्तीनंतर या पॅसेंजरचा स्वभाव मला फारच आवडला.

धुळे आणि दोंडाईचा इथल्या शारदीय व्याख्यानमालांनी बोलावलं होतं. विषय मी ऐटीत कळवला होता: आडव्या वाऱ्यात जेट विमान कसं उतरवतात. बायको म्हणाली, "खानदेशात हे ऐकायला कोण येणार?" मी म्हटलं, "विमान दाखवणारा फुकट आला तर कोण नाही येणार?"

धुळ्याचं सभागृह खरंच भरलं. मी खडू घेऊन फळ्यावर धावपट्टी काढली, वाऱ्याचे बाण काढले. तिथे जे सांगितलं ते तुम्हालाही थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढची गंमत कळेल. वारा धावपट्टीच्या बाजूने आला की तो विमानाला सारखा एका अंगाला ढकलतो. नाक पट्टीच्या रेषेत धरून आलात, तर विमान पट्टीऐवजी शेजारच्या गवतात पोचेल. म्हणून नाक वाऱ्याकडे वळवून तिरकं यायचं. तोंड एकीकडे, जाणं दुसरीकडे. पण तशीच तिरकी चाकं टेकवली तर ती फरफटतात. तेव्हा जमीन अगदी जवळ आली की पायातलं पेडल दाबून नाक सरळ करायचं आणि त्याच वेळी वाऱ्याकडचा पंख जरासा खाली धरायचा, म्हणजे वारा त्याच्याखाली शिरून त्याला उचलणार नाही. फार खालीही नेता येत नाही, कारण पंखाला इंजिनं लटकलेली असतात. वाऱ्याकडची चाकं आधी टेकतात, मग पलीकडची, शेवटी नाकाखालची. आणि टेकवायचं ते ठामपणे. हळुवार उतरवायच्या मोहात विमान तरंगत राहिलं की तेवढ्यात वारा आपला डाव साधतो. प्रवासी नेमकी याच दणक्याला नावं ठेवतात.

टाळ्या छान पडल्या. मग प्रश्न. पहिला प्रश्न, "साहेब, पगार किती?" दुसरा, "विमानात जेवायला काय देतात?" त्या रात्री यजमानांनी शेवभाजी खाऊ घातली. वर तेलाची लाल तर्री, खाली झणझणीत रस्सा. नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी आणखी वाढा म्हणत होतो. विमानातल्या जेवणाबद्दल जे कौतुकाने उत्तर दिलं होतं ते तिथल्या तिथे मागे घेतलं.

दुसऱ्या दिवशी एसटीने दोंडाईचा गाठलं. गावात शिरताच गाडीतले सगळे एकदम खोकायला लागले, तेव्हा मिरचीचा बाजार आला हे न सांगता समजलं. इथले यजमान, ज्यांना सारा गाव आबा म्हणतो, मिरचीचेच व्यापारी आणि व्याख्यानमालेचे कार्यवाह. स्टँडवर घ्यायला आले होते. "कॅप्टनसाहेब, दोन दिवसांत सवय होईल. मग बिनमिरचीची हवा अळणी लागेल," म्हणाले. घरी त्यांची बायको, अक्का, ठेंगणी आणि कामाला वाघ. तिने पाणी दिलं, गूळ दिला आणि मला आपादमस्तक न्याहाळलं. ही बाई माझ्यावर कशावरून तरी रागावली आहे, असं उगाच वाटलं.

संध्याकाळच्या भाषणाला ती बायकांच्या पहिल्या रांगेत होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तिने नाही. सकाळी बटाट्याच्या पोह्यांची बशी माझ्यापुढे ठेवताना तिने मनातलं बोलून टाकलं.

"भाऊ, भाषन तुमी चांगलं दिधं. पन ते इमान वाकडंच व्हतं. मी मना डोयाघाई दखं (माझ्या डोळ्यांनी पाहिलं)."

मग आबांनी सगळं सांगितलं. त्यांची एकुलती एक मुलगी मस्कतला असते. गेल्या वर्षी अक्का तिच्याकडे जाऊन आली. परतताना मुंबईला भर पावसाळ्यात वारा सुटलेला. अक्का खिडकीला गाल लावून बसलेली, तर धावपट्टी समोर असायच्या ऐवजी तिला बाजूला दिसली. गाडी रस्ता सोडून चालली आहे, असं समजून तिने शेजारच्या प्रवाशाचा हात जो धरला, तो बाहेर येईपर्यंत सोडला नाही. मग दणका बसला. त्या दिवशी तिने देवीची शपथ घेतली, की पुन्हा विमानात पाय ठेवणार नाही. आणि आता मुलीचं बाळंतपण तोंडावर आलं होतं. जावयाने पाठवलेलं तिकीट देवघरात पडून होतं.

"मनी आंडेर तठे एकटी शे (माझी मुलगी तिथे एकटी आहे)," अक्का म्हणाली आणि पदराने डोळे टिपत आत गेली. "लाडू धाडसू तुमना हाते," आतूनच आवाज आला.

म्हणजे असं ठरलं होतं, की डिंकाचे लाडू मी मुंबईपर्यंत न्यायचे आणि मस्कतला जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती द्यायचे. आबा हळूच म्हणाले, "व्याख्यानमाला वगैरे ठीक आहे, पण खरं सांगू का, हा विषय वाचला म्हणूनच मी तुम्हाला बोलावलं. तुमचं ऐकून तरी ती तयार होईल असं वाटलं होतं." मला वाईट वाटलं. एवढे बाण काढले, एवढा खडू झिजवला, आणि ज्या एका माणसासाठी बोलायचं होतं त्याच्यावर काडीचा परिणाम नाही.

डिंक मात्र साधा चालणार नव्हता. सातपुड्यातल्या धावड्याचा डिंक अक्काच्या माहेरी, तापीपलीकडच्या गावी, तिच्या बहिणीकडे येतो. तोच हवा. तो आणायला अक्का निघाली; मला तापी बघायची होती, म्हणून मीही निघालो. आबांनी जीप दिली. दोन्ही बाजूंना कापसाची वेचणी चाललेली, बायांच्या कमरेला ओट्या बांधलेल्या, मध्येच एखादं ज्वारीचं हिरवं रान. वारा सकाळपासून वाहत होता. नदीच्या काठावर आलो तर त्याने टोपीच उडवली.

तापी रुंद, गढूळपणा गेलेली, घाईने पश्चिमेकडे निघालेली. पलीकडचा घाट समोर दिसत होता. नावेत दहाबारा माणसं, एक सायकल, एक शेळी आणि तिचं पिल्लू. मला पोहता येत नाही. समुद्रावरून हजारो मैल उडालो, पण पाण्यावर मधे फक्त एक फळी, हा प्रकार नवा होता. नावाड्याने नाव लोटली आणि तिचं तोंड घाटाकडे न करता सरळ वरच्या अंगाला, वाऱ्याच्या आणि प्रवाहाच्या विरुद्ध वळवलं. आम्ही तोंड एकीकडे करून दुसरीकडे जात होतो. एरवी मी हसलो असतो. त्या वेळी मी फळी घट्ट धरून बसलो होतो.

अक्काने पाहिलं. "कसाले (कशाला) घाबरी राह्यनात भाऊ? नाव आशीच चालस."

"वाकडी?"

"वाकडीच! सरळ धरी तं नाव तठे खडकवर जाई," तिने घाटाच्या खालच्या अंगाचे काळे खडक दाखवले. लग्न झाल्यापासून माहेरी ती याच नावेने येत-जात होती.

घाट हाताच्या अंतरावर आला आणि वाऱ्याचा एक जोराचा झोत आला. नाव घसरली, शेळी ओरडली, पाणी माझ्या मांडीवर. खडक एकदम मोठे दिसायला लागले. "बठ्ठा (सगळे) खाले बसा!" नावाडी ओरडला. आता हा बांबू रेटून कसंतरी टेकवणार, असं मला वाटलं. त्याने तसं काही केलं नाही. बांबूने काठाला ढोसून नाव उलट पाण्यात लोटली, तोंड पुन्हा वर केलं आणि शांतपणे म्हणाला, "आखो (पुन्हा) येसूत."

सायकलवाल्याने विडीसुद्धा विझू दिली नाही. नाव वरपर्यंत गेली, वळली, तिरकी तिरकी खाली आली आणि या वेळी घाटाला अलगद लागली. मी घाटाचा दगड दोन्ही हातांनी धरून उतरलो. अक्का पदर तोंडाला लावून हसत होती.

बहिणीच्या ओसरीवर कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी, वांग्याचं भरीत आणि हिरव्या मिरचीचा ठेचा असं जेवण झालं. माझे कपडे अंगावरच वाळत होते. डिंकाची पुरचुंडी मांडीवर घेऊन अक्का त्यातले खडे निवडत बसली. मग तिने विचारलं,

"भाऊ, तुमनं इमान बी आसंच करस का? नही जमनं तं फिरी येस?"

"येतं. जमिनीजवळ येऊन नीट बसलं नाही, तर इंजिनं पूर्ण जोरात लावायची आणि परत वर. फेरी मारून पुन्हा यायचं. वारा फारच असला तर त्या गावी उतरायचंच नाही, दुसऱ्या गावी जायचं."

"तुमी गयथात (गेला होतात) कधी परत?"

"कितीदा तरी."

"मंग लोके?"

"चिडतात."

"चिडू द्या," ती ठसक्यात म्हणाली, आणि मग माझ्याकडे रोखून बघत, "पन हाई तुमी भाषनमा सांगं नही."

खरंच सांगितलं नव्हतं. उतरवायच्या सगळ्या युक्त्या सांगितल्या होत्या. न उतरण्याची सांगायची राहिली. आम्हा वैमानिकांना नीट उतरवलेल्या विमानाबद्दल बोलायला आवडतं, परत फिरल्याबद्दल कुणी टाळ्या वाजवत नाही. आणि या बाईला वर्षभर टोचत होतं ते एवढंच, की वाकडं आलेलं विमान एकदा खाली निघालं की पायलटलाही ते थांबवता येत नसणार. मला स्वतःचं हसू आलं आणि तिच्याबद्दल एकदम माया दाटून आली.

परतीच्या नावेत मी फळी धरली नाही. म्हणजे, एकाच हाताने धरली.

पुढचा दिवस लाडवांत गेला. घरभर तुपाचा वास, मिरचीच्या ठसक्यावरही मात करणारा. निघायच्या सकाळी आबांनी लाडवांचा डबा माझ्या पिशवीत ठेवला. अक्का स्वयंपाकघरातून आली, डबा काढून घेतला आणि म्हणाली, "हाऊ मीच ली जासू (घेऊन जाईन)."

आबा बघतच राहिले. मग उगाच चष्मा पुसू लागले. "बरं," एवढंच म्हणाले. मला गाडीत बसवताना मात्र त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि धरूनच ठेवले.

दोंडाईच्याहून गाडी जळगावला आली. तिथे मुंबईच्या गाडीला वेळ होता, म्हणून केळी घेतली आणि फलाटावर बसून खाल्ली. एवढी वर्षं मी विमान तिरकं आणून सरळ उतरवलं. मागे बसलेल्यांना त्यातला फक्त दणका कळला, आणि तेच बरं आहे असं आम्ही मानत आलो. माणसाला सांगितलं तर तो घाबरेल, असं वाटायचं. इथे एक बाई न सांगितल्यामुळे वर्षभर घाबरून बसली होती.

आठवड्याने अक्काला पोचवायला मी मुंबईच्या विमानतळावर गेलो. डबा छातीशी धरलेला. आबा सूचना देत होते, ती ऐकत नव्हती. पास काढून आम्हीही आत गेलो, तेव्हा काउंटरपाशी तिने मला कोपराने ढोसलं.

"भाऊ, खिडकीनी जागा ली द्या माले. वारा सुटना आनि इमान वाकडं नही चालनं, तं मी पायलटले सांगसू!"

मला इतकं हसू आलं, की काउंटरवरच्या मुलीने वर पाहिलं. खिडकी मिळाली.

चार दिवसांनी आबांचा दोंडाईच्याहून फोन आला. अक्का सुखरूप पोचली, लाडू पोचले, लेकीने दारातच आईच्या गळ्यात पडून रडून घेतलं. मी विचारलं, "आणि उतरताना घाबरल्या नाहीत ना?"

"छे हो," आबा म्हणाले. "थोडी हिरमुसलीय. म्हणते, वाराच नव्हता. विमान सरळच उतरलं."